मदत हवी आहे: 'शोशाना' म्हणजे गुलाब, लिली की कमळ?

मंडळी, जरा घाईत आहे. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे, आता ठाण्यात. भाचा इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, त्याला परवा मुलगी झाली. येत्या शब्बाथला (शनिवारी) सिनेगॉगमध्ये नाव पुकारायचंय.

माझ्या आईचं नाव कमळ. ती गेल्या वर्षी गेली. भाच्याला आजीचंच नाव पुढे चालवायचंय, पण तिकडे 'कमल' कसं ठेवणार? हिब्रूत उंटाला 'गमाल' म्हणतात. शाळेत पोरं काय करतील ते सांगायला नको. म्हणून सुनेने 'शोशाना' सुचवलं. तिच्या माहेरचे म्हणतात, म्हणजे गुलाब. आमचे काका बायबलमधलं गीतरत्न उघडून बसलेत, 'शोशान्नत हा-अमाकिम', म्हणजे दरीतली लिली. पण गुलाबाला हिब्रूत 'वेरेद' आहे ना?

त्यात चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशीला फोनवर नाव सांगितलं, तर म्हणते, "शोषणा? पोरीचं नाव शोषण कोण ठेवतं गं?"

तर अर्थ नक्की काय? आणि मावशीला 'कमळच ठेवलंय' म्हटलं तर ती थाप होईल का?

प्रतिसाद १:
ताई, काकांची बाजू भक्कम आहे. बायबलमधली शोशाना बहुधा लिलीच. पांढऱ्या लिलीला आजही 'शोशान त्साहोर' म्हणतात, कार्मेल आणि गालीलच्या डोंगरांत ती रानटी उगवते. 'शेश' म्हणजे सहा आणि लिलीला सहा पाकळ्या, म्हणून शोशाना, असं सांगतात. ऐकायला छान, पण मला ती मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती वाटते. 'वेरेद' हा शब्द हिब्रू बायबलात नाहीच, तो नंतर इराणकडून अरामीमार्गे आला. तरी बोलण्यात लोक गुलाबालाही सर्रास शोशाना म्हणतात, त्यामुळे व्याही खोटं बोलत नाहीत. सुझन, सुझाना, केरळातली सोसम्मा, सगळ्या हिच्याच बहिणी. फक्त तिकडे हे नाव आता जरा आजीबाईंचं वाटतं, हे सुनेला माहीत असेलच.

प्रतिसाद २:
थाप अजिबात नाही! अनेक अभ्यासक हा शब्द प्राचीन इजिप्शियन 'सेशेन'पर्यंत नेतात, आणि सेशेन म्हणजे नाईलमधलं कमळ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते आपलं कमळ नव्हे, कुमुदिनीच्या कुळातलं; पण दिसतं तसंच. सॉलोमनच्या मंदिरातल्या दोन खांबांच्या माथ्यावर 'शुशान' घडवल्याचं बायबलमधल्या राजांच्या पुस्तकात आहे. इजिप्तच्या खांबांवरची कमळं पाहिलीत तर ते लगेच डोळ्यांसमोर येईल. शिवाय जुन्या मराठी बायबलात लिलीला शब्द कोणता योजलाय? भुकमळ!

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. भुकमळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. मावशीला सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग असू दे. फक्त पत्रिकेवर पोटफोड्या ष घालू नका म्हणजे झालं."