प्रतिसाद: ठरावाने मोडलेला नियम सहज परत येत नाही

‘अमेरिकी काँग्रेसने शिशाच्या धुळीचा नियम ठरावाने उडवला तरी पुढचं सरकार तो परत आणेल’ असं वर म्हटलंय. गोम तिथेच आहे. काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्टखाली दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने नियम फेटाळला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली, की जवळपास तसाच नियम पुन्हा करायला ईपीएला (अमेरिकेची पर्यावरण संस्था) नवा कायदाच लागतो.

ऑक्टोबर २०२४ च्या या नियमाने धुळीतल्या शिशाची मर्यादा जमिनीवर चौरस फुटाला १० वरून ५ मायक्रोग्रॅम, खिडकीच्या कट्ट्यावर १०० वरून ४० केली. तीही १९७८ पूर्वीच्या घरांना आणि पाळणाघरांनाच. घरमालकांचं खर्चाचं रडगाणं अगदीच खोटं नाही, मान्य. पण जुनी खिडकी वरखाली सरकवली की शिशाचा रंग घासून धूळ पडते, आणि रांगणारं मूल तोच धुळीचा हात तोंडात घालतं.