नडगी ६ सेंटीमीटर वाढवून १४ महिने झाले: चालणे जमते, मग उकिडवे बसणे आणि धावणे का जमत नाही?

पायवाट

नमस्कार. केवळ उंची वाढावी या इच्छेने मी १४ महिन्यांपूर्वी दोन्ही नडग्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. हाडात रॉड आणि बाहेरून फ्रेम अशी पद्धत होती. मूळ नडगी सुमारे ३६ सेंटीमीटरची, तीत ६ सेंटीमीटरची भर पडली. लांबी पूर्ण झाल्यावर फ्रेम निघाली, पुढे हाड भरून आल्याचे एक्स-रेत दिसले आणि ‘आता कसलेही बंधन नाही’ एवढे सांगून शेवटची तपासणी आटोपली.

सपाट रस्त्यावर मी तासभर न लंगडता चालतो. परंतु उकिडवे बसायला गेलो की टाचा उचलल्या जातात आणि टाचा टेकवण्याचा हट्ट धरला तर मागे कलंडतो. जिना उतरताना मागच्या पायाची टाच वेळेआधीच सुटते. धावायला लागलो की दहा-बारा पावलांतच चवडा जमिनीवर आपटल्याचा फट्-फट् आवाज येतो, विशेषतः उजवीकडून. हे दुखणे हौसेने ओढवून घेतलेले असल्यामुळे त्याची तक्रार कोणाजवळ करावी हाही एक प्रश्नच आहे.

हाड जुळलेले असताना असे का व्हावे, सुधारणा साधारण किती काळ होत राहते आणि रॉड काढल्यावर काही फरक पडेल का, हे जाणकारांनी सांगावे.

कळसूत्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या शस्त्रक्रियेत हाड नवे तयार होते, स्नायू मात्र ओढला जातो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी याच फरकात आहे. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रिइल इलिझारोव यांनी ही पद्धत घडवली, तेव्हापासून दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत, हा वेग प्रमाण मानला जातो. कापलेल्या हाडाच्या दोन टोकांमधल्या फटीत त्या वेगाने नवे हाड धरते. पोटरीच्या स्नायूलाही लांब होण्यासाठी आपल्या तंतूंत नवे घटक जोडावे लागतात, परंतु ते काम मागे रेंगाळते आणि दरम्यान स्नायूभोवतीची आवरणे घट्ट होत जातात. नडगी वाढली, पोटरी तेवढी वाढली नाही, की ती टाचेला वर खेचून धरते. आपली वाढ मूळ लांबीच्या जवळजवळ १७ टक्के आहे आणि ती पोटरीसाठी थोडी नव्हे.

पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, खालचा गुडघ्याखालून. गुडघा सरळ ठेवून पाऊल स्वतःकडे ओढून पाहा आणि मग गुडघा वाकवून पाहा. वाकवल्यावर पाऊल स्पष्टपणे अधिक येत असेल तर वरचा स्नायू आखडलेला आहे. दोन्ही वेळा सारखेच अडत असेल तर खालचा स्नायू, टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) किंवा घोट्याचा सांधा यांकडे पाहावे लागते. उकिडवे बसताना गुडघा वाकलेलाच असतो, त्यामुळे आपली अडचण दुसऱ्या प्रकारची असावी असा माझा कयास आहे. तसे असेल तर गुडघा सरळ ठेवून भिंतीला रेलून केलेल्या ताणाने फारसे साधणार नाही आणि बहुतेक जण नेमका तोच व्यायाम वर्षभर करत राहतात.

मोजमाप घरीच करता येते. भिंतीसमोर अनवाणी उभे राहावे, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा आणि गुडघा जेमतेम टेकेल इतके पाऊल मागे न्यावे; मग अंगठ्याचे टोक ते भिंत हे अंतर टेपने मोजावे. निरोगी घोट्यात ते साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास भरते. त्यानंतर एका पायावर उभे राहून, गुडघा न वाकवता, टाच पूर्ण उंच किती वेळा उचलता येते ते मोजावे. धडधाकट तरुण माणसाला २०-२५ वेळा जमते. चवडा आपटतो तोही याच आखडण्यामुळे, असे मला वाटते.

सातवे वर्ष

माझी शस्त्रक्रिया मांडीच्या हाडांची होती, दोन्ही बाजूंना ५ सेंटीमीटर, आतल्या चुंबकीय रॉडने. आपली नडगीची, त्यामुळे तुलना पूर्ण जुळणार नाही, तरी काळाचा अंदाज यावा म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षअखेरीस मी जवळपास आपल्याच जागी होतो: चालणे ठीक, पण थकलो की कंबर दोन्ही बाजूंना हेलकावे खाई. दुसऱ्या वर्षात सर्वाधिक फरक पडला आणि तो एक्स-रेत कुठेच दिसला नाही. बसून उठताना हात टेकावा लागत नाही हे एके दिवशी आपोआप लक्षात आले, इतकेच. तिसऱ्या वर्षानंतर नवे काही मिळाले नाही, मिळाले ते टिकवावे लागले. व्यायाम महिनाभर सुटला की मांडीची बाहेरची बाजू आजही दोरीसारखी ताठरते.

आज मी डोंगर चढतो, सायकल चालवतो, मांडी घालून तासभर बसतो. वेगाने धावणे आणि धावता धावता दिशा बदलणे हे पूर्वीचे परत आले नाही. कोणी ‘सगळे शंभर टक्के पूर्ववत होते’ म्हणाले, तर त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काय काय मोजून ठेवले होते ते जरूर विचारावे. मी काहीच मोजले नव्हते, ही माझी चूक.

निरीक्षक

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. कळसूत्र यांच्या बहुतेक विवेचनाशी सहमत आहे, मात्र शेवटच्या वाक्याशी नाही. पोटरी आखडली असेल तर धावताना चवडा *आधी* टेकतो. टाच आधी टेकून मागाहून चवडा खाली आदळत असेल, तर पाऊल वर धरून ठेवणारे, नडगीच्या पुढच्या बाजूचे स्नायू अशक्त आहेत असा अर्थ होतो. त्यांची नस (मज्जातंतू) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जाते आणि नडगी वाढवताना तिच्यावर ताण येऊ शकतो. प्रश्नात ‘विशेषतः उजवीकडून’ असे लिहिले आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नये. फक्त टाचांवर वीस-तीस पावले चालून पाहावे, अंगठा विरोधाविरुद्ध वर उचलता येतो का ते पाहावे आणि पावलाच्या वरच्या भागावर बधिरपणा आहे का तेही तपासावे.

दुसरे असे की, व्यायामाने न सुटणारी कारणे आधी बाजूला काढली पाहिजेत. नडगीबरोबर शेजारचे बारीक हाड खालच्या टोकाशी नीट बांधलेले राहिले नाही, तर बाहेरचा घोटा वर सरकतो आणि सांधा बाहेरच्या बाजूला कलतो. नवे हाड पुढे बाक काढून जुळले असेल तरी पावलाची ठेवण बदलते. हे जुळलेल्या जागेच्या एक्स-रेत कळेलच असे नाही. त्यासाठी उभे राहून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे आणि घोट्याचा वजन देऊन घेतलेला वेगळा एक्स-रे लागतो.

रॉड काढल्याने पोटरी सैल होत नाही. गुडघ्याच्या पुढच्या भागात, विशेषतः गुडघ्यावर टेकताना दुखत असेल तर काहींना आराम पडतो, तोही सर्वांना नाही. रॉड निघाल्यावर स्क्रूच्या रिकाम्या छिद्रांपाशी हाड काही काळ कमजोर असते, म्हणून उड्या आणि पिळा बसेल असे खेळ तेव्हा टाळावे लागतात. टाचेची शीर लांब करण्याची शस्त्रक्रियाही कोणी सुचवील. तिने टाच लगेच टेकते खरी, पण शीर गरजेपेक्षा जास्त सैल झाली तर पाऊल पुढे ढकलण्याचा जोर जातो आणि तो परत मिळवणे ताठर पोटरी सोडवण्यापेक्षा अवघड असते.

पायवाट

सर्वांचे आभार. काल मोजले. भिंतीपासूनचे अंतर डावीकडे ६.५ सेंटीमीटर, उजवीकडे ४. टाच उचलणे डावीकडे १६ वेळा, उजवीकडे ९, आणि त्यातली शेवटची तीन अर्धवट. गुडघा वाकवल्याने फारसा फरक पडत नाही. टाचांवर चालताना डावा पाय व्यवस्थित राहिला; उजव्या पायाचा चवडा अठराव्या पावलाला खाली येऊ लागला आणि अंगठा मी बोटाने दाबला तर तो दबतो. बधिरपणा नाही. धावतानाचे चित्रण हळू करून पाहिले: उजवीकडे टाचच आधी टेकते.

निरीक्षक

बधिरपणा नाही आणि सतरा पावले निभावली, म्हणजे नस काम करत आहे, पण स्नायू लवकर थकतो आहे. तरीही नसेची तपासणी आणि वर सांगितलेले दोन्ही एक्स-रे करून घ्यावेत आणि तोपर्यंत धावणे थांबवावे. तपासणीला जाताना हे आकडे आणि ते चित्रण सोबत न्या.

कळसूत्र

आवाजाबाबत माझा कयास चुकला होता, हे मान्य. तपासणीत हाडाचे कारण निघाले नाही, तर उजवीकडे पोटरीच्या ताणाइतकाच वेळ पाऊल वर उचलण्याच्या व्यायामाला द्यावा आणि ताण गुडघा वाकवून द्यावा. मोजमाप दर सहा आठवड्यांनी, त्याच भिंतीशी, अनवाणी आणि सकाळी हालचाल सुरू झाल्यानंतर घ्यावे. उठल्या उठल्या घेतले तर आकडा विनाकारण कमी येतो.