मदत हवी आहे: मुलांचे ट्रेक नेणाऱ्या पालकांना तयार कसं करायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत आमचा पालकांचा एक गट आहे. पाचवी ते नववीच्या मुलांना वर्षातून सहा-सात वेळा डोंगरात नेतो. यात कुणी पैसे कमवत नाही, बसभाडं आणि जेवणाइतकीच वर्गणी घेतो. आम्ही अकरा जण आहोत. सगळ्यांचे बरेच ट्रेक झालेत, दोघांनी हिमालयातलेही केलेत. त्यामुळे 'आपल्याला येतं' असंच आम्ही धरून चाललो होतो.

जुलैत ३२ मुलांना घेऊन विसापूर किल्ल्यावर गेलो. भाजे गावाजवळ बस सोडली आणि पायऱ्यांच्या वाटेने चढलो. पायऱ्यांवरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं, मुलं खूश. वर पोचेपर्यंत पाऊस वाढला. उतरताना तेच पाणी गुडघ्याला लागलं, ओढही चांगलीच होती. एका मुलीचा पाय सुटला. मागच्या काकांनी तिच्या सॅकचा पट्टा धरला म्हणून ती थांबली. गुडघा सोलवटला, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी बोलायला बसलो तेव्हा कळलं की चढतानाच आमच्यातल्या चौघांना 'आता परत फिरावं' असं वाटलं होतं. त्यात मीही होते. बोललं कुणीच नाही. एकीला वाटलं, मी नवीन, मी कशी सांगू. दुसऱ्याला वाटलं, पुढचे चढतायत म्हणजे त्यांनी विचार केलाच असेल. मला मुलांचे चेहरे पाहून धीर झाला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

थंडीचे ट्रेक सुरू व्हायच्या आत आम्हाला नीट प्रशिक्षण घ्यायचं आहे. उत्तरकाशीच्या संस्थेचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स २८ दिवसांचा आहे, एवढी रजा कुणालाच मिळणार नाही. मग आम्ही काय शिकावं, कुणाकडून शिकावं? आणि परत फिरायला सांगणं शिकवता येतं का?

---

घाटमाथा

आधी तुमचं कौतुक. असं घडल्यावर बहुतेक गट गप्प बसतात.

बेसिक कोर्सचा विचार सोडा. तो उत्तमच आहे, पण त्यात माणूस स्वतः गिर्यारोहक म्हणून घडतो. बत्तीस पोरांना भिजल्या पायऱ्यांवरून खाली आणणं हे वेगळं काम आहे. दोर आणि रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) यांच्याही मागे लागू नका. ते करायचं असेल तेव्हा जाणकार संस्थेला बोलवा, तुम्ही फक्त मुलं सांभाळा.

तुम्हाला लागतं ते असं. प्रत्येक ट्रेकच्या आधी मोठ्यांनीच जाऊन त्याच ऋतूत ती वाट बघून यायची. जानेवारीत पाहिलेली वाट जुलैत उपयोगाची नाही, हे तुम्ही अनुभवलंच. लीड (सगळ्यांत पुढे चालणारा) आणि टेल (सगळ्यांत मागे चालणारा) ठरलेले हवेत, टेलच्या मागे एकही मूल राहता कामा नये. बत्तीस जणांना ओळीने आपापला आकडा ओरडायला लावून एकत्र मोजणी करू नका. 'सतरा' कोण ओरडलं ते कळत नाही, मित्र मित्राच्या नावावर हाक देतात. सहा-सात मुलांमागे एक मोठा, आणि त्याने फक्त आपली सहा डोकी मोजायची.

परत फिरण्याचं म्हणाल तर तो निर्णय डोंगरावर घ्यायचाच नसतो. तो घरी घ्यायचा आणि लिहून काढायचा. 'पायऱ्यांवर पाणी घोट्याच्या वर असेल तर चढायचं नाही.' 'अकरा वाजता जिथे असू तिथून मागे.' पालकांनाही वर्गणी घेतानाच सांगा की माथ्याची हमी नाही. त्या दिवशी भाजे लेण्यांत दोन तास घालवले असते तर मुलं काही हिरमुसली नसती.

---

जुना स्काउट

माझं अर्धं आयुष्य स्काउट पथकात गेलं, तिथलं सांगतो. मोठ्यांना तयार करायची आमची पद्धत १९१९ पासूनची आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गिलवेल पार्कला वुड बॅजचं, म्हणजे स्काउट पथक चालवणाऱ्या मोठ्यांच्या प्रशिक्षणाचं, पहिलं शिबिर झालं, आपल्याकडे त्याला हिमालय वुड बॅज म्हणतात. शिबिरात मोठ्या माणसांनाच मुलांसारखं सहा-आठ जणांच्या संघात राहावं लागतं. तंबू स्वतः लावा, स्वयंपाक स्वतः करा, संघनायकाचं ऐका. पन्नाशीच्या माणसाला ओल्या लाकडावर भात शिजवताना जे समजतं ते व्याख्यानात समजत नाही. तुम्हीही एक मुक्काम असा करा, मुलं न नेता. एका दिवसात तिघांनी आळीपाळीने नायक व्हायचं.

आणखी एक, यात तडजोड नको. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत नजरेआड जाणार नाही. शौचाला जातानाही दोन मुलं आणि हाकेच्या अंतरावर एक मोठा. माणसं कितीही ओळखीची असोत, नियम सगळ्यांना सारखा.

---

कडूनिंब

मी तालुक्याच्या गावी डॉक्टर आहे. प्रथमोपचाराचा दिवस ठेवाल तेव्हा नुसत्या पट्ट्या बांधायला शिकू नका. चालू ट्रेकमध्ये मध्येच सांगा, 'या मुलाचा घोटा मुरगळला, आता पुढे काय?' आणि घड्याळ लावून बघा. पहिल्या वेळी सगळे त्या मुलाभोवती गोळा होतात आणि बाकीच्या पोरांकडे कुणीच बघत नाही.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. मुलाला चालू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा, अंगठ्या-पैंजण काढायचे आणि उचलून न्यायचं. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, त्यामुळे साप मारून आणायची गरज नसते. मात्र ते जवळच्या कुठल्या रुग्णालयात आहे हे ट्रेकच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येणार, तिथवर उचलून आणायची तयारी तुमची हवी.

किल्ल्यांवरच्या आग्या मोहोळाचंही मुलांना आधी सांगा. अत्तर-डिओ नको, आरडाओरडा नको, दगड तर मुळीच नको.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहून काढायचे नियम पटले, आजच यादी सुरू केली. एक अडचण उरते. आमच्यात एक काका आहेत, साठीचे, सगळ्यांत अनुभवी. त्या मुलीला धरणारे तेच. ते चालायला लागले की बाकीचे विचार करायचं थांबवतात. त्यांचा यात काही दोष नाही. पण त्यांच्यासमोर 'थांबा' म्हणायला जीभ रेटत नाही.

---

घाटमाथा

हे सगळ्या गटांत होतं. आम्ही दोन गोष्टी केल्या. वाटेत थांबून मत विचारायचं तेव्हा सगळ्यांत नव्या माणसापासून सुरुवात करायची आणि सगळ्यांत अनुभवी माणसाने शेवटी बोलायचं. एकदा मोठा माणूस बोलला की नवा माणूस फक्त मान हलवतो.

दुसरं म्हणजे, अकरापैकी कुणीही 'मागे' म्हणालं की मागे फिरायचं. वाद घालायचा तो खाली उतरल्यावर, चहा पिताना. आणि हे काकांच्याच तोंडून सांगू द्या. त्यांनी सांगितलं तर बाकीच्यांना मोकळीक मिळेल.

शिवाय २०२१ चं राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण वाचून घ्या. त्यात आयोजकांच्या नोंदणीचा विषय आहे. तुमच्यासारख्या गटाने काय करायचं ते पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

---

रानजाई

काल काकांना भेटले. सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या दिवशी मलाही वाटलं होतं गं. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं ठीक आहे."

म्हणजे चार नव्हे, पाच जण होतो.

मोठ्यांचा मुक्काम दिवाळीनंतरच्या शनिवारी राजमाचीला ठरवलाय. पहिला नायक आमच्यातली सगळ्यात नवी बाई असेल आणि काका टेल. मधेच एक खोटा अपघात करायचा आहे, तो कुठे आणि कुणाला, हे फक्त मला माहीत असेल. राजमाचीच्या उधेवाडी गावात पोचायच्या आधी, अंधार पडत असताना केला तर चालेल का? की पहिल्याच वेळी ते फार होईल?