टिळकवाडीतल्या हॉस्टेलजवळ पाहुण्यांना काय दाखवू?

चंदगडची पोर:
नमस्कार. मी जूनपासून आरपीडी क्रॉसजवळच्या हॉस्टेलला राहते. कॉलेज, मेस आणि खोली, एवढंच बेळगाव मला माहीत. पुढच्या शनिवारी पुण्याहून चुलतभाऊ आणि वहिनी येतायत, दोन दिवसांसाठी. गाडी नाही. चालत किंवा रिक्षानं होईल असं काय दाखवू? निवांत बसायला हॉटेल कुठलं? भावाला संध्याकाळी बिअर प्यायची आहे, वहिनीही सोबत असेल, तर जागा नीट हवी. मला नऊच्या आत गेटात यावं लागतं.

वडगावची ताई:
अगं, मी तीन वर्षं त्याच भागात हॉस्टेलला काढलीत. पहिल्या वर्षी घरची आठवण आली की रविवारी संध्याकाळी काँग्रेस रोडनं चालत सुटायची. म्हणून आधी तेच सांगते. त्या रस्त्याला हे नाव उगाच नाही पडलं. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथंच टिळकवाडीत भरलं आणि गांधीजी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे. माणसांना पाणी पुरावं म्हणून तेव्हा खोदलेली विहीर अजून आहे, शेजारी वीरसौध, त्या अधिवेशनाचं स्मारक. पाहुण्यांना तिथं ने, कठड्याशी दोन मिनिटं उभं राहू दे. सकाळी लवकर उठत असतील तर त्याआधी व्हॅक्सीन डेपोत एक फेरी मारा. इतकी झाडं गावात दुसरीकडं नाहीत.

किल्ल्याला मात्र अर्धा दिवस दे. रिक्षा ठरवताना भाडं आधी बोलून घे. बहुतेक लोक कमल बस्तीसमोर फोटो काढतात आणि निघतात, तसं करू नकोस ग. १२०४ सालचं जैन मंदिर आहे, रट्ट राजांच्या काळातलं. मंडपात मधोमध उभी राहा आणि मान वर कर. छतातून दगडी कमळ खाली उतरलंय, पाकळीवर पाकळी, आणि टोक इतकं नाजूक की हात लावायची भीती वाटावी. खांब एवढे गुळगुळीत, की जवळ गेलं तर आपली सावली हलताना दिसते. मी परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा तिथं जाऊन बसलेय. किल्ल्यातच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १८९२ साली विवेकानंद बेळगावात आले, तेव्हा ज्या बंगल्यात राहिले तो तिथं जपलाय. लष्कराची पाटी दिसली की मोबाईल पिशवीत टाका.

परतताना खडेबाजार, गणपत गल्ली पायीच करा. गर्दी असते, पण गावाचा जीव तिथंच आहे. मग कपिलेश्वराचं दर्शन. आणि कुंदा घ्यायचा तर आधी चव बघून घ्या. बरा कुंदा तांबूस, रवाळ असतो, दूध आटवून साखरेसकट परतताना लागलेल्या खरपूसपणाचा वास येतो. नुसता पांढुरका गोड लगदा असेल तर घेऊ नका. मांडे मिळाले तर हातात जपून न्या, रुमालासारखी घडी असते आणि धक्का लागला की चुरा.

जेवायला लिंगायत खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, आणि शेंगांची चटणी. पुण्याच्या माणसाला दुसरं काही दाखवायची गरज नाही.

कॅम्पातला:
ताईंनी सगळं सांगितलंय, मी बिअरचं बोलतो. वहिनी सोबत आहेत तर नुसता 'बार' लिहिलेल्या जागी जाऊ नका. फॅमिली सेक्शन आहे का ते आधी फोन करून विचारा, आणि सातलाच जा. आठनंतर गोंगाट वाढतो आणि तुम्हाला नऊला गेट आहे. बिर्याणी हवी असेल तर नियाज हॉटेल. भाऊ चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन येणार असेल, तर तिकडच्या बाटल्या परवान्याशिवाय आणायच्या नाहीत. वाटेत कणकुंबीच्या नाक्यावर तपासतात. माझ्या एका मित्राचं त्यापायी आख्ख्या सुट्टीचं वाट्टोळं झालं.

चंदगडची पोर:
खूप आभार ताई, दादा. बसनं गेलो तर वहिनींना फुकट का?

वडगावची ताई:
नाही ग. शक्ती योजना कर्नाटकातल्या पत्त्याच्या बायकांसाठी आहे. पुण्याचं आधार असलं की तिकीट, आणि तुझ्यासारखं चंदगडचं असलं तरीही, तेही महाराष्ट्रातच. मलाही आधी ठाऊक नव्हतं, भरल्या बसमध्ये पैसे शोधत उभी होते. सुट्टे हातातच ठेव. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, तेव्हा चढताना 'किल्ला का हो?' म्हणून विचार, बरेच कंडक्टर मराठीत सांगतात. रविवारी सकाळी वेळ उरला तर येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. शिवरायांचा पुतळा आहे आणि सिद्धेश्वराचं देऊळ. खाली शेतंच शेतं. त्यासाठी मात्र रिक्षा जायची-यायची ठरवून घे, वर गेल्यावर दुसरी मिळत नाही.