'जबाबदार पर्यटन' : नक्की कोण जबाबदार?

शब्दवेडी : कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला येणाऱ्यांसाठी एक पत्रक मराठीत करतेय. 'रिस्पॉन्सिबल टुरिझम'ला मी 'जबाबदार पर्यटन' लिहिलं. तपासणाऱ्या बाई म्हणतात, किनाऱ्याची वाट लागली आणि त्याला पर्यटन जबाबदार, असं वाचलं जातंय. दुसरा शब्द सुचवा ना.

दूर्वांकुर : 'उत्तरदायी' घ्या. 'जवाब' अरबी, 'दार' फारसी. घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

मंडणगडी : मग दुकानदार, हवालदारही हाकला! पोलिसात देतात तोच हा जबाब. ज्याला तो द्यावा लागतो तो जबाबदार. अर्थ चोख आहे. 'उत्तरदायी' आमच्याकडे कोणी बोलत नाही.

कोचीवासी : इथे केरळात 'उत्तरवादित्व टूरिझम' म्हणतात, आणि शब्दामागे काम आहे. कुमरकममध्ये हॉटेलांनी कुडुंबश्री या बचतगटांच्या बायकांकडून भाजी घ्यायला सुरुवात केली. जबाबदार पर्यटनावरच्या २००२च्या केपटाऊन जाहीरनाम्यातही जबाबदारी एकट्या पर्यटकावर टाकलेली नाही. सरकार, हॉटेलवाले, गावकरी, सगळेच त्यात आले.

शब्दवेडी : मग सरळ 'नैतिक पर्यटन' म्हणू?

तत्त्वजिज्ञासू : नको, 'नैतिक' म्हटलं की लोकांना चारित्र्य आठवतं. खरा पेच निराळा आहे. पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा दोरीमागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, कारण ती उजेडाकडे वळतात. "माझ्या एका फोटोनं काय होतंय?" हा हिशेब फक्त स्वतःच्या परिणामाचा. तत्त्वज्ञ कांट विचारेल, दोरीमागच्या प्रत्येकानं हेच केलं तर? पत्रकात हे यायला हवं, मथळा कुठलाही द्या.

मंडणगडी : हे पटलं. पण दटावणार कोण? माझ्या काकूकडे लोक उतरतात. ती त्यांना 'पाहुणे' म्हणते, आणि पाहुण्याला बोलायला तिची जीभ रेटत नाही.

दूर्वांकुर : पैसे देऊन राहतो तो पाहुणा कसला? गिऱ्हाईक म्हणा.

मंडणगडी : काकू आमटी-भात वाढते, चुलीवर पाणी तापवून देते. गिऱ्हाईक म्हटलं तर तिला राग येईल.

कोचीवासी : पाहुण्यालाही रीत असतेच की. यजमानाच्या घरात तो वाटेल तिथे शिरतो का? 'पाहुणा' हा शब्द सोडू नका.

दूर्वांकुर : रीत पाळत नाही तो पाहुणा नव्हे, एवढं तरी मान्य करा.

मंडणगडी : ते काकूला सांगून बघा.