नेटिव्ह कलाकाराची वस्तू: सांता फेचा बाजार की गॅलपचं दुकान?

वाळवंटी_सई
भारतातून पाहुणे आले की ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरच्या एखाद्या दुकानातून चाळीस डॉलरचं 'नवाहो' कडं घेऊन येतात आणि घरी आल्यावर मला विचारतात, "खरं आहे ना गं?" आता काय सांगणार, डोंबल!

माझं मत सांगते, ठोका हवं तर. नेटिव्ह, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ टोळ्यांच्या, कलाकारांची हातची वस्तू घ्यायची असेल तर ती कलाकारांच्या बाजारातूनच घ्यावी. फिनिक्सला हर्ड म्युझियमचा मेळा मार्चमध्ये असतो, १९५८ पासून. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेचा इंडियन मार्केट ऑगस्टात, त्याची सुरुवात १९२२ ची. तिथे हजारेक कलाकार बसतात, सगळा प्लाझा आणि आजूबाजूचे रस्ते भरून जातात. टोळीची नोंदणी तपासल्याशिवाय कोणाला स्टॉल मिळत नाही, आणि ज्याने वस्तू केली तोच समोर उभा असतो.

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टप्रमाणे बाहेरचा माल नेटिव्ह म्हणून विकला तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात काय झालं? फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने नेटिव्ह म्हणून विकणाऱ्या अल्बुकर्कीच्या एका दुकानदाराला २०१८ मध्ये सहा महिने झाले, आणि तेवढ्याचीही केवढी बातमी! शिवाय पाटीवर 'साउथवेस्ट स्टाइल' लिहिलं की दुकानदार मोकळा, कारण तो नेटिव्ह म्हणतच नाहीये.

माझ्याकडे होपी टोळीच्या कारागिराचं एक पेंडंट आहे. चांदीचे दोन पत्रे. वरच्या पत्र्यातून केसाएवढ्या करवतीने नक्षी कापून काढायची, तो खालच्या पत्र्यावर डाग देऊन बसवायचा, मग खालचा भाग काळा करायचा. खडा एकही नाही. करवत कोपऱ्यात कशी वळवायची हे कारागिराने मला हातवारे करून दाखवलं. दुकानातली विक्रेती मुलगी हे दाखवू शकेल का?

रूट_६६
सई, धागा छान, पण हे शनिवार-रविवारवाल्या गिऱ्हाइकाचं मत झालं.

मी न्यू मेक्सिकोतल्याच गॅलपमध्ये नोकरीला होतो. झुनी टोळीचं गाव तिथून पाऊण-एक तासावर. गावात घरोघर कोणी ना कोणी दगडाचे अस्वल-बेडूक कोरतं किंवा पिरोजा-पोवळ्याचं जडावकाम करतं (पिरोजा म्हणजे टर्क्वॉइज). तशी एखादी बाई मंगळवारी चार नग घेऊन गॅलपच्या दुकानात येते, रोख घेते, त्यातून गाडीत पेट्रोल टाकते, किराणा भरते, पुढच्या कामाची चांदी उचलते. हातावर पोट आहे. तिला तुम्ही सांगणार, ऑगस्टपर्यंत थांब?

सांता फे तिथून दोनशे मैलांच्या आसपास. आधी अर्ज, फोटो, परीक्षकांची निवड. मग स्टॉलचं भाडं. त्या आठवड्यात हॉटेलवाले दर किती चढवतात ते तिथे राहिलेल्यांना विचारा. आणि दुपारी धो-धो पाऊस आला की दिवस वाया. वर्षाचे उरलेले महिने तिचा माल घेतो तो दुकानदारच.

वाळवंटी_सई
घेतो, पण कितीला? तिला जे देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीची चिठ्ठी काचेआड लागते. आणि नड असेल तेव्हा तिच्याच घरातली जुनी चांदी गहाण ठेवून घेणाराही बऱ्याचदा तोच असतो. मलई खाणाऱ्याला दुधाचा रतीब घालणारा म्हणू नका.

रूट_६६
भाडं, विमा, नोकरांचे पगार तुमचे काका भरणार का? सगळे दुकानदार साधू आहेत असं मी म्हटलेलं नाही. तिथे तीन-तीन पिढ्या एकाच घराकडून माल घेणारी दुकानं आहेत. कारागिराचं नाव, गाव, कोणाची मुलगी, सगळं तोंडपाठ असतं. तसं दुकान शोधा ना. सरसकट 'दुकान म्हणजे खोटं' कशाला?

तिरकस_तात्या
एक बाळबोध प्रश्न. बाजारात थेट कलाकार भेटतो, म्हणजे भाव पाडून मागायला हरकत नाही ना? मधला गेला तर त्याचा अर्धा वाटा आम्हाला मिळायला नको?

अनुराधा_के
तात्या, तुम्ही तुळशीबागेतून कधी बाहेर येणार?

केवा गावच्या हेइशी, म्हणजे शिंपल्याच्या बारीक मण्यांच्या, माळा बघितल्यात? शिंपल्याचे तुकडे करायचे, एकेकाला भोक पाडायचं, तारेत ओवायचे आणि अख्खी सर फिरत्या सहाणेवर दाबून धरायची, मणी एकसारखे गोल होईपर्यंत. त्यात काही फुटतात. शिंपल्याची पूड नाकातोंडात जाते ती वेगळीच. चांगली माळ हातातून ओढली की दोऱ्यासारखी सरकते, कुठे टोचत नाही. तिची किंमत ऐकून "लास्ट प्राइस?" विचारणारा आपला एक देशबंधू मी पाहिलाय. कलाकार हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तिरकस_तात्या
विचारायला काय जातं! नाही म्हणाली, विषय संपला. तुम्ही लोक गिऱ्हाइकाला देवळात आल्यासारखं वागायला लावता. बाजार आहे ना तो?

मृण्मयी_ओक्लाहोमा
इथे सगळे 'नोंदणी तपासतात' यावर खूश दिसतायत. मला तोच भाग खटकतो.

कोण टोळीचा सदस्य, हे प्रत्येक टोळी आपल्या नियमाने ठरवते. नवाहो नेशनला निदान पाव हिस्सा नवाहो रक्त लागतं. चेरोकी नेशनला रक्ताचं प्रमाण लागत नाही, पण डॉझ रोल्स नावाच्या जुन्या सरकारी यादीत थेट पूर्वज दाखवावा लागतो. ज्यांच्या पणजोबांनी त्या यादीत नाव द्यायचं नाकारलं, त्यांचं काय? किंवा चारही आज्या-आजोबा चार वेगळ्या टोळ्यांचे असलेल्या मुलाचं? रक्ताने पूर्ण नेटिव्ह, आणि एखाद्या वेळी कागदावर कोणाचाच नाही. टोळी अशा माणसाला 'आमचा कारागीर' म्हणून दाखला देऊ शकते, कायद्यात तशी सोय आहे. पण तो देणं-न देणं पुन्हा टोळीच्या मर्जीवर. तुमचा 'अस्सल' शिक्का बऱ्याच खऱ्या माणसांना बाहेर ठेवतो.

वाळवंटी_सई
मान्य की काही जण कडेला पडतात. पण कागद नको म्हटलं की काय होतं? ज्याची पणजी 'चेरोकी राजकन्या' होती असा प्रत्येक जण स्टॉल लावून बसेल. नियम टोळ्यांनी केलेत. आपले सदस्य कोण, हे तुम्ही-मी त्यांना शिकवणार का?

जुनाट
थोडा इतिहास, कारण वर '१९२२ पासून' असं लिहिलंय जणू काही ती कलाकारांची चळवळ होती. तो मेळा भरवला न्यू मेक्सिकोच्या म्युझियमवाल्यांनी. बक्षिसं कशाला द्यायची, कुठला नमुना 'जुना आणि शुद्ध', हे गोरे अभ्यासक ठरवत. कलाकार स्वतः मालाजवळ बसून विकायला लागले ते नंतर.

आणि सई, तुमचं ते पेंडंट! होपींच्या दुपत्री कामाला म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोनाने १९३० च्या दशकाअखेर चालना दिली, आणि ते पसरलं दुसऱ्या महायुद्धानंतर, परत आलेल्या होपी सैनिकांच्या वर्गांतून. फ्रेड काबोटी आणि पॉल सॉफकी शिकवायचे. म्हणजे आजीच्या काळातली 'परंपरा'. वाईट नाही, उलट उत्तमच. पण मग आज एखाद्या पोराने स्केटबोर्डवर चित्र काढलं की 'हे अस्सल नाही' म्हणून नाक मुरडू नये.

बाजाराच्या आतही सगळं गोड नाही. सांता फेत जुन्या कलाकारांना त्यांची ठरलेली जागा आपोआप मिळायची. २०१८ ला ते बंद झालं आणि सगळ्यांना निवडीतून जावं लागलं. कित्येक वर्षं एकाच कोपऱ्यावर बसणारी म्हातारी माणसं बाहेर. त्यांनी त्याच आठवड्यात जवळच वेगळा, फुकट जागेचा बाजार मांडला.

रूट_६६
+१. हेच म्हणतोय मी. बाजार म्हणजे काही सोवळं नव्हे.

अनुराधा_के
पण जुनाट, जागा रिकाम्या झाल्या म्हणून तर नव्या पोरांना शिरकाव मिळाला. स्केटबोर्डवाला पोरगा आणि तहहयात कोपरा, दोन्ही एकदम कसं चालेल?

डहाणूकर
इतका वेळ वाचत होतो. आमच्याकडे वारलीला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. आजही कपांवर, पडद्यांवर, चादरींवर छापलेली वारली सर्रास विकली जाते, काढणारा वारली असो-नसो. प्रदर्शनात बहुतेकदा स्टॉलवर बसतो तो कोणी संस्थावाला नाहीतर व्यापारी. चित्र काढणारी बाई गंजाडला घरी. जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली म्हणून सगळ्या पाड्यांना गिऱ्हाईक मिळालं, असं झालं नाही.

म्हणून मला सईंचं पटतं. मेळा कोणी सुरू केला, यापेक्षा आज गल्ल्यावर कोणाचा हात आहे ते बघा. तिकडे निदान कलाकाराचा तरी आहे.

मृण्मयी_ओक्लाहोमा
ज्याला गल्ल्यापर्यंत पोचता आलं, त्याचा.

वाळवंटी_सई
रूट_६६, तुमच्या ऑगस्टच्या मुद्द्याला उत्तर देते. सांता फेलाच पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या (जुना सरकारी वाडा, आता म्युझियम) ओसरीत रोज बाजार भरतो. सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा वाटतात. न्यू मेक्सिकोतल्या टोळ्यांचे नोंदणी असलेले कारागीरच बसतात, स्वतःचा किंवा घरच्यांनी केलेला माल, त्यावर ज्याचा-त्याचा शिक्का. दुकानाचं भाडं नाही. नेटिव्ह नसलेल्या एका जोडप्याने 'आम्हाला का नाही' म्हणून दावा लावला होता, १९७९ मध्ये अपील कोर्टाने म्युझियमच्या बाजूने निकाल दिला. वर्षभर चालतं हे.

रूट_६६
ओसरी झकास आहे, मी स्वतः तिथून घेतलंय. पण झुनीहून येणारी पहाटे तीनला निघणार आणि चिठ्ठी लागली नाही तर तशीच परत जाणार. तो पेट्रोलचा खर्च कोणाच्या खात्यात टाकू, सांगा.

तिरकस_तात्या
ओसरीत भाव करतात का?