मदत हवी आहे: लेकीचं 'अर्ली' कुठे लावावं?

नमस्कार मंडळी,

लेक यंदा सीनियर इयरला, म्हणजे बारावीत आहे. आम्ही न्यू जर्सीत, तिची शाळा पब्लिक. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये आरतीचं तबक हातात असताना तीन जणींनी विचारलं, "मग, अर्ली कुठे?" म्हणजे कॉलेजला नेहमीच्या मुदतीआधीचा अर्ज कुठे करणार. मी तिन्ही वेळा "बघू" म्हणून तबक पुढे सरकवलं. खरं उत्तर असं की घरात माणसं तीन, मतं तीन, आणि १ नोव्हेंबर, म्हणजे या अर्जाची शेवटची तारीख, दारात येऊन उभा आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकच्या दादाला मी "ईडीचं चाललंय" म्हटलं तर तो आधी दचकलाच. ही ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. कॅप राउंडला पहिला पर्याय लागला की सीट ऑटो-फ्रीझ होते ना, तसं. फरक एवढाच की इथे ऑप्शन फॉर्मवर एकच कॉलेज लिहायचं. करारावर मुलीची, पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही. डिसेंबरच्या मध्यावर हो आलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली ॲक्शनमध्ये निकाल लवकर लागतो पण बंधन नाही, १ मेपर्यंत विचार करता येतो. तिसरा प्रकार प्रिन्स्टनसारखा: बंधन नाही, पण दुसऱ्या कुठल्याही खाजगी कॉलेजला अर्ली अर्ज करायचा नाही. सरकारी विद्यापीठांना विनाबंधन अर्ली केलेलं चालतं.

आता आमच्याबद्दल. लेक इथेच जन्मलेली, सिटिझन. एसएटी (प्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५३०, मार्क चांगले, अकरावीतल्या केमिस्ट्रीत एक बी. करायचंय कॉम्प्युटर सायन्स, जोडीला भाषाशास्त्र. शाळेच्या नाटकांची प्रकाशयोजना चार वर्षं तीच बघते. मंडळाच्या एकांकिकेलाही मागच्या वर्षी शिडीवर हीच होती.

नवऱ्याचं म्हणणं, कॉर्नेलला ईडी. एप्रिलमध्ये कॉर्नेलच्या गावी, इथाकाला जाऊन आलो. दरीवरच्या पुलावर वाऱ्याने माझी ओढणी उडाली आणि हे दोघं बापलेक खाली धबधब्याचे फोटो काढत बसले. त्या दिवसापासून त्याचं ठरलंय. शिवाय ओळखीतल्या एकांनी सांगितलंय की कॉर्नेलमधलं शेतकी कॉलेज स्वस्त पडतं, तिथून इन्फर्मेशन सायन्स करता येईल. लेकीचं म्हणणं, प्रिन्स्टन, कारण घरापासून अर्ध्या तासावर आहे (बाकीच्यांची मुलं घरापासून लांब पळायला बघतात, आमचं उलटंच). माझं म्हणणं, बांधून घ्यायचंच नाही. रटगर्स, मेरीलँड, पर्ड्यूला अर्ली ॲक्शन करावं आणि पत्रं आल्यावर बघावं.

मुद्दा पैशांचा. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर कॉर्नेलच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आर्थिक मदत वजा जाता आपल्याला किती पडेल ते सांगणारा) भरला. कोथरूडला आमच्या नावावर एक फ्लॅट आहे, त्यात सासूसासरे राहतात. विकायचा प्रश्नच नाही, पण 'इतर स्थावर मालमत्ता' हा रकाना काही विचारत नाही की तिथे कोण राहतं. फ्लॅट धरून भरलं, न धरता भरलं, पुन्हा धरून भरलं. शेवटी फ्लॅट धरूनच भरायला हवं हे कळलं आणि आकडा आला जवळजवळ पूर्ण खर्चाचा, वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या वर. रटगर्स राज्यातल्या मुलांना याच्या निम्म्याहून कमी पडतं.

ईडीने शक्यता वाढते म्हणतात, ती खरंच किती? आणि प्रवेश मिळाल्यावर परवडत नाही म्हणून सुटता येतं का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. "नशिबात असेल ते होईल" हे सासूबाई रोज सांगतात, ते सोडून.

– शेवंती

तिरफळ: डोळे मिटून ईडी लावा. ब्राउनचा आकडा बघा: २०२८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी ६,२४४ ईडी अर्जांतून ८९८ जणांना घेतलं, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. एकूण प्रवेशाचं प्रमाण ५.२ टक्के. एवढा फरक समोर दिसत असताना विचार कसला करताय?

मोरावळा: तिरफळ, आकडे बरोबर आहेत, पण त्या ८९८ मध्ये खेळाडू आहेत ज्यांना प्रशिक्षकांनी आधीच हेरलंय, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत. त्यांना बाजूला काढलं तर आपल्या मुलांना मिळणारा फायदा बराच लहान होतो. शून्य नाही, पण तिप्पटही नाही.

शेवंतीताई, दोन गोष्टी करा. कॉलेजच्या नावापुढे 'कॉमन डेटा सेट' लिहून शोधा आणि सी२१ हा भाग काढा. ईडीला किती अर्ज आले, किती घेतले, ते तिथे असतं. मग शाळेत नॅव्हियान्स (कॉलेज अर्जांची नोंद ठेवणारी प्रणाली) असेल तर त्यातला ठिपक्यांचा आलेख बघा. तुमच्याच शाळेतून मागच्या वर्षांत कोणत्या मार्कांना हिरवा ठिपका (प्रवेश) आला आणि कोणत्या मार्कांना लाल (नकार), हे कुठल्याही वेबसाइटपेक्षा जास्त सांगतं. आणि काउन्सेलरला सरळ विचारा, यंदा शाळेतून कॉर्नेलला ईडी करणारे किती? नावं सांगणार नाहीत, पण चेहरा सांगतो.

आता सुटण्याबद्दल. कॉलेजकडून मिळालेल्या आर्थिक मदतीत परवडत नसेल तर करारातून बाहेर पडता येतं. पण ती सोय 'मदत पुरेशी आली नाही' यासाठी आहे, 'दुसरीकडे स्वस्त मिळालं' यासाठी नाही. कॅल्क्युलेटरने सप्टेंबरातच नव्वद हजार सांगितले असतील तर डिसेंबरात कुठल्या तोंडाने म्हणणार? आयव्ही कॉलेजं (कॉर्नेल, प्रिन्स्टन, ब्राउन वगैरे आठ) गुणवत्तेवर स्कॉलरशिप देत नाहीत, म्हणजे तिथून घासाघीस नाही. म्हणून चार वर्षांचा आकडा आजच कागदावर लिहा. रटगर्सचं पत्र न बघताच तो द्यायची दोघांची तयारी असेल तरच सही करा.

आणि प्रिन्स्टनचा कॅल्क्युलेटर भरलात का? २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलंय की वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना कॉलेजची ट्यूशन फी पडणार नाही. तुम्ही त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहात ते तुम्हालाच ठाऊक.

गवतीचहा: कॉर्नेलच्या शेतकी कॉलेजची कमी फी फक्त न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना. जर्सीवाल्यांना नाही. आमच्याकडेही असेच एक 'ओळखीतले' होते.

बिनधास्त_बाबा: आमचा अनुभव. मुलाने मागच्या वर्षी एका नामांकित खाजगी कॉलेजला ईडी केलं. डिसेंबरात डिफर (म्हणजे निर्णय पुढे ढकलला), मार्चअखेर नकार. नकाराचं एवढं वाटलं नाही. चूक आमची वेगळीच झाली: ईडी होणारच या भरवशावर बाकीचे निबंध लिहिलेच नव्हते. डिफरचं पत्र आलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत अकरा कॉलेजांचे निबंध. नाताळच्या सुट्टीत पोरगा हुडी घालून जेवणाच्या टेबलावरच झोपायचा, आणि त्यातले शेवटचे चार निबंध वाचले तर एकाच निबंधाचे चार अवतार. तुम्ही काहीही ठरवा, डिसेंबरच्या मध्यावर बाकीचे निबंध तयार हवेत. ईडीची दुसरी फेरी ठेवणारी कॉलेजं असतात (टफ्ट्स, वँडरबिल्ट, एमरी वगैरे), पण आयव्हीत तो प्रकार नाही.

रानजाई: अवांतर होईल, पण नवऱ्याचं मत पाच ओळी, तुमचं दोन ओळी आणि लेकीचं एकच? तिला खरंच प्रिन्स्टन हवंय की घर जवळ हवंय?

शेवंती: सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस पोखरलं. काल पोळ्या लाटताना तिला विचारलं. म्हणाली, "आई, कॉर्नेल मिळालं तर बाकीची पत्रं उघडायचीच नाहीत ना? मला ती उघडायची आहेत." बास. नवऱ्याने हे स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आणि काही न बोलता लॅपटॉप बंद केला. त्याला इथाकाचा वारा विसरायला वेळ लागेल.

मोरावळा, रेषेच्या आतल्या बाजूला आहोत, थोडक्यात. प्रिन्स्टन मिळेल अशा भ्रमात कोणी नाही, पण तिथे अर्ली केल्याने आमचं काही अडकत नाही. सोबत रटगर्स, मेरीलँड आणि पर्ड्यू. कॉर्नेल रेग्युलरला, म्हणजे नेहमीच्या विनाबंधन फेरीत. बाबा, ३० नोव्हेंबरपर्यंत सगळे निबंध असा तक्ता फ्रिजवर लावलाय.

आता एक फुटकळ शंका. प्रिन्स्टनला शाळेत तपासून मिळालेला एक लेखी पेपर जोडावा लागतो. तिचा अकरावीतला इतिहासाचा निबंध सापडलाय, शिक्षकांचे शेरे आणि ग्रेड व्यवस्थित आहेत, पण दुसऱ्या पानावर हळदीचा मोठा डाग पडलाय. काळापांढरा स्कॅन करून पाठवला तर चालेल का?